चेअरमनच्या मागावर कुमुदमावशी

कुमुदमावशीला बसलेलं पाहिलेला माणूस अख्ख्या कालगुर्लीत सापडला नसता. मी तर म्हणतो, ती जन्मलीच उभी, आणि सुईणीला म्हणाली असेल, "तू बस जरा, दमली असशील." चहा उभ्याने, जेवण उभ्याने, आणि फोन आला की थेट चालायला सुरुवात. गाडीतलं बसणं ती मोजत नसे; ते तिच्या मते 'जाणं'. पलीकडच्याला आधी तिच्या सपातांची फटफट ऐकू यायची, मग 'हॅलो'. आमच्याकडे आली की सोफ्याच्या पाठीवर कोपर टेकून उभी राहायची. माझी बायको मुग्धा दर वेळी म्हणायची, "मावशी, बस ना गं, सोफा नवीन आहे." मावशीचं उत्तर ठरलेलं. "बसलं की गंज चढतो. आणि या गावात गंजलेलं काही ठेवत नाहीत, भंगारात देतात."

गावच तसं. कालगुर्ली म्हणजे पश्चिम ऑस्ट्रेलियातलं सोन्याच्या खाणीचं गाव. इथे जमिनीला एवढं मोठं भोक पाडलंय की सकाळी काठावर उभं राहून कुणाला हाक मारावी, तर 'ओ' दुपारच्या शिफ्टला येते. माशा एवढ्या, की जेवताना तोंड उघडायचं ते हिशेबाने. मी इथे जमिनीखालच्या एका खाणीत हवा खेळती ठेवणारा इंजिनिअर. मराठी कुटुंबं साडेतीन. अर्धं म्हणजे एक ब्रह्मचारी पोरगा, जो फक्त जेवणाच्या वेळी कुटुंबात असायचा. आणि या साडेतीनांच्या माथ्यावर डॉ. कुमुद देवस्थळी, सरकारी दवाखान्यातली भूल देणारी डॉक्टर, वय साठीच्या पलीकडे, अंगाने उदबत्तीची काडी. गोरे लोक तिला 'कू' म्हणायचे. नवरा वसंतकाका भूगर्भशास्त्रज्ञ होते, ते जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगी गौरी सिडनीला, टूनगॅबीत.

माझ्या बोलण्याला मावशीने एक नियम लावला होता. मी म्हणालो, "काल साठ उंट पाहिले," की ती समोरच्याला शांतपणे सांगायची, "हेम्याच्या आकड्याला तीनाने भाग. उरलेल्यातून त्याचे दोन वजा कर." आता ती नाही, त्यामुळे भागाकार करायला कोणी उरलं नाही. वाचकांनी आपापला करून घ्यावा.

आमची पहिली भेट झाली तेव्हा मी आडवा होतो आणि ती अर्थातच उभी. दिवाळीचे दिवस होते. आकाशकंदील टांगताना स्टुलावरून पडून मी मनगट मोडून घेतलं होतं. दवाखान्यात मात्र मी सांगितलं, की खाणीत एक भरलेला ड्रम गडगडत माझ्या सहकाऱ्यावर चालला होता, तो मी एका हाताने थोपवला. नर्सेस हळहळल्या. एकीने माझी उशी सारखी केली. तेवढ्यात हिरव्या टोपीतली एक शिडशिडीत बाई आली, कागद चाळले आणि चक्क मराठीत विचारलं, "सकाळपासून काय खाल्लंत?"

मला वाटलं, आपण गेलो. वर पोहोचलो, आणि वरचा कारभार मराठीत चालतो.

"काही नाही," मी म्हणालो. "कालपासून पाण्याचा थेंबसुद्धा नाही."

तिने वाकून माझ्या मिशीकडे पाहिलं. "मग हा चिवडा काय मिशीत पिकतो?"

ऑपरेशन पुढे ढकललं गेलं. जाता जाता ती 'तुम्ही'वरून 'तू'वर आली, आणि पुढे कधी परत गेली नाही. "हे बघ, तो ड्रम तुझा तू ठेव, मला त्याचं काही नाही. पण भूल देणाऱ्या बाईला खरं तेवढं सांगायचं. पोटात दडवलेलं भूल दिल्यावर वर येतं आणि श्वासात अडकतं. माणूस मरतो त्याने. कळलं?" मी मान हलवली. "आणि ड्रम एका हाताने थांबत नाही. निदान दोन हात तरी म्हणायचंस."

प्लास्टर निघेपर्यंत ती आमची मावशी झाली होती. एकदा मुग्धाने सहज विचारलं, "मावशी, शनिवारी काय करतेस? आमच्याकडे ये ना." मावशी डोसा उलटत होती, तोही आमच्याच घरात, कारण यजमानीणबाईंना तिने ओट्यापासून हटवलं होतं. म्हणाली, "शनिवारी उंट मारते."

मी जन्मभर लोकांना थापा मारून खुर्चीवरून पाडत आलो. त्या दिवशी पहिल्यांदा मला कुणीतरी पाडलं, आणि तेही दोन शब्दांत.

हकिगत अशी होती. पुण्याला मेडिकलला असताना मावशी एनसीसीत रायफल चालवायची, आणि बऱ्यापैकी चालवायची. मग लग्न, परदेश, संसार, सगळं आलं आणि रायफल गेली. कालगुर्लीला आल्यावर रॉन नावाचा एक पेशंट तिच्या टेबलावर आला. रॉन हा गावाच्या पूर्वेला गुरं पाळणारा म्हातारा. त्याच्या जमिनीला इथे 'स्टेशन' म्हणतात. माझ्या आईला मी फोनवर सांगितलं, "शनिवारी रॉनच्या स्टेशनवर जातो," तर ती म्हणाली, "तिथे गाडी थांबते का रे?" थांबत नाही. थांबली तर पेट्रोल संपून थांबते. त्याच्या फाटकापासून घरापर्यंत पोहोचताना माझा डबा संपायचा, आणि मुग्धा दोन माणसांचा डबा देते.

तर रॉन भुलीतून शुद्धीवर येता येता रडायला लागला. मावशीला वाटलं, दुखतंय. तो उंटांबद्दल बोलत होता. पावसाने पाठ फिरवली की वाळवंटातले मोकाट उंट पाण्याच्या वासाने त्याच्या रानात शिरायचे. पाइप उखडायचे, कुंड फोडायचे, टाकीत तोंड घालता घालता एखादा आत पडून मरायचा आणि सगळं पाणी नासायचं. गुरं बाहेर उभी. मावशी बरा झालेला पेशंट बघायला म्हणून तिथे गेली आणि तिने एक गाय पाहिली, कोरडा पाइप चाटत उभी असलेली. परत आली ती बंदुकीच्या परवान्याचं काय ते विचारतच.

"उंटाचा दोष नाही रे," ती सांगायची. "त्याला माणसाने आणलं इथे, ओझी वाहायला. मोटारी आल्या तसं दिलं सोडून. सोडून दिलेल्यावर राग धरू नये. पण कुंड एकच आहे. कुणीतरी ठरवायला लागतं."

मला ती बरोबर न्यायला लागली, पण बंदुकीला बोट लावू दिलं नाही. "तुझ्या हातात आधी गोळी सुटेल आणि मग कारण." माझं काम दुर्बिणीतून बघायचं, पाण्याचे कॅन उचलायचे आणि तोंड मिटून बसायचं. यातलं शेवटचं सर्वांत अवघड. रॉनची यूट, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी, वाऱ्याच्या उलट बाजूला लावायची. वारा बघायला मावशी खिशातून रांगोळीची पुडी काढायची आणि चिमटीतून सोडायची. रांगोळी जिकडे झुकेल तिकडे वारा. रॉन त्याला 'कूची मॅजिक पावडर' म्हणायचा. मग बॉनेटवर वाळूची पिशवी, पिशवीवर रायफल, आणि मागे मावशी, उभीच. एरवी सतत चुळबुळ करणारी ही बाई त्या वेळी अशी थांबायची, की एकदा तिच्या टोपीवर एक पक्षी येऊन बसला, त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि घरट्यासाठी काड्या आणायला निघून गेला. भागाकार करा, पण पक्षी बसला होता हे खरं.

एक गोळी. कधीच दोन नाही. "दुसरी गोळी ही माझी चूक असते, त्याची नव्हे."

आणि मग ते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी चाट पडलो. उंट पडला की मावशी यूटच्या खणातून नॅपकिनात गुंडाळलेलं एक पितळी फुलपात्र काढायची, त्यात कॅनमधलं पाणी ओतायची आणि झपझप चालत जाऊन त्या उंटाच्या तोंडात घालायची. आपल्याकडे माणसाला जाताना घालतात ना, तसं. तुळस नाही, मंत्र नाही, काही नाही. फक्त पाणी. "तहानेने आला होता. तहानलेला जाऊ नये." रॉन पहिल्या खेपेला हसला होता म्हणे. मी पाहिलं तेव्हा तो हॅट काढून उभा होता, आणि कुणी उशीर केला तर "वॉटर, कू" अशी आठवणही करायचा.

गंमत म्हणजे मावशी शुद्ध शाकाहारी. अंडंसुद्धा नाही. आमच्याकडे गणपतीला साडेतीन कुटुंबं जमली होती, तेव्हा कुणाच्या तरी पुण्याहून आलेल्या सासूबाईंना हे कळलं. त्यांचा मोदक हातात राहिला.

"अहो, तुम्ही खात नाही, आणि मारता?"

"खात नाही म्हणून तर मारू शकते," मावशी म्हणाली. "मला हाव सुटायची भीती नाही."

"पण पाप नाही का लागत?"

"लागतं ना. म्हणून तर एका गोळीत मारते. अर्धवट मारलं तर पापावर व्याज."

सासूबाईंनी मोदक खाली ठेवला. थोड्या वेळाने पुन्हा उचलला, कारण मुग्धाचे मोदक तसे असतात.

आता मुद्द्याच्या उंटाकडे येतो. रॉनच्या लांबच्या पवनचक्कीपाशी एक नर उंट यायचा. खालचा ओठ फाटलेला, लोंबता, त्यामुळे सदा काहीतरी तक्रार करायच्या बेतात असल्यासारखा दिसायचा. कानात एक जुना पिवळा बिल्ला, म्हणजे कधीतरी कुणीतरी पकडला होता आणि हा निसटला होता. तो कळप घेऊन यायचा, टाकीभोवती एक फेरी मारायचा, पाइपांकडे बघायचा, मान हलवायचा. मी त्याचं नाव 'चेअरमन' ठेवलं. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत टाकी तपासायला येणारे चेअरमन हुबेहूब असेच यायचे, आणि ते येऊन गेले की पाणी जायचं. हा येऊन गेला तरी तेच. दोनदा त्याने पंप मोडला. मावशीला मात्र तो कधी सापडेना. आम्ही पूर्वेला, तर तो पश्चिमेला. मी म्हणायचो, "मावशी, त्याला तुझ्या ड्युट्या ठाऊक आहेत."

त्याच सुमाराला मावशीने दवाखाना सोडला. कुणी सोडायला लावला नव्हता. निरोप समारंभात सगळे म्हणाले, कू अजून दहा वर्षं काम करेल. घरी जाताना गाडीत तिने मला उजवा हात दाखवला. अंगठा हलत होता. फार नाही, नाडी उडावी तेवढाच. "अजून कुणाला दिसलेलं नाही," ती म्हणाली. "दिसेपर्यंत थांबायचं नसतं. भूल देणाऱ्याचा हात हलला, तर पेशंटने कुणाकडे बघायचं?" आजाराचं नाव तिने एकदाच घेतलं आणि खिडकीबाहेर बघायला लागली. गौरी रोज फोन करत होती. आई, एनफ नाऊ, इकडे ये. घर विकायला काढलं. विमानाचं तिकीट निघालं.

आणि निघण्याच्या तोंडावर रॉनचा फोन आला. चेअरमन आला होता. या वेळी कळप न घेता, एकटा, आणि कुंडावरून हलत नव्हता. गुरं दोन दिवस लांब उभी.

मी म्हणालो, "मावशी, रॉन दुसरं कुणी बघेल."

"दुसरं कुणी दोन गोळ्या घालेल." ती रायफलची पेटी उचलून गाडीत ठेवूनही मोकळी झाली होती. "हाताचं म्हणशील तर पिशवी आहे ना. वाळू धरते हात."

पहाटेच निघालो. सगळं नेहमीसारखं. रांगोळी सरळ खाली पडली, वारा नव्हताच. चेअरमन कुंडापाशी आडवा उभा होता, एवढा स्वच्छ, जणू फोटो काढून घ्यायला आलाय. मावशीने श्वास सोडला. मी दुर्बिणीतून बघत होतो. गोळीचा आवाज झाला आणि चेअरमन पडला नाही. त्याचं अंग मागच्या बाजूला, पोटापाशी, धनुष्यासारखं वाकलं आणि तो सुटला. उंट पळताना विनोदी दिसतो. त्या दिवशी कुणी हसलं नाही. दुसरी गोळी मावशीने भरली होती, पण तोवर तो झाडीत शिरला होता.

ती फुलपात्र घेऊन तशीच त्याच्या मागे धावली. साठीची बाई, माझ्या पुढे. थोडा वेळ रक्ताचे थेंब मिळाले, मग लाल दगडी जमीन लागली आणि माग पुसला गेला. रॉनने यूट फिरवली, मी झाडावर चढून पाहिलं, ऊन उतरेपर्यंत हिंडलो. परत येताना गाडी थांबवून तिने फुलपात्रातलं पाणी मातीत ओतलं आणि म्हणाली, "वाळू हात धरते, हेम्या. पण अंगठा बाहेर राहतो. मला ठाऊक होतं."

त्यानंतर मावशी मावशी राहिली नाही. एरवीही ती थांबत नव्हती, पण त्या फिरण्याला काम असायचं. आता नुसती फिरायची. आमच्या घरी आली की खोल्यांतून येरझारा. मुग्धाने तिच्या हातात चहा दिला, तर तो कप आम्हाला नंतर बाथरूमच्या खिडकीत सापडला, भरलेला. "पोटात गोळी घेऊन जनावर लगेच मरत नाही," ती मधेच थांबून म्हणायची. "ताप येतो. तहान लागते. पाण्याकडे जायला बघतं, आणि पाण्यावर तर आपण बसलोय." तिने तिकीट पुढे ढकललं. मग पुन्हा ढकललं. गौरी फोनवर मला ओरडली, "हेमंतदादा, इट्स अ फेरल ॲनिमल! आई एका मोकाट उंटासाठी थांबलीय?" मी म्हणालो, "हो." दुसरं काय म्हणणार? तिला कसं समजावणार, की हजारो माणसांना झोपवून एकूण एक सुखरूप उठवणाऱ्या बाईच्या हातून एक जीव मधेच लटकलाय. ना इकडे, ना तिकडे.

रोज आम्ही जायचो. माझी ड्युटी असली की ती एकटी जायची. रानात एवढे फिरलो, की शेवटी शेवटी कांगारू आम्हाला बघून वळायचेसुद्धा नाहीत, नुसती मान डोलवायचे. गिधाडांसारखे गरुड कुठे घिरट्या घालतात का ते बघायचो. घातल्या की तिकडे धावायचो. कधी मेलेला कांगारू, कधी काहीच नाही. जुन्या विहिरी पाहिल्या, कोरडे ओढे पाहिले. चेअरमन नाही.

घराचा ताबा द्यायचा दिवस आला आणि मग मात्र तिला जावंच लागलं. विमानतळावर आमच्याबरोबर उभी होती, समोर रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा. रायफल तिने रीतसर रॉनच्या नावावर करून दिली होती. फुलपात्र मला दिलं, त्याच नॅपकिनात.

"तू शोध," ती म्हणाली.

"शोधतो, मावशी. शोधल्याशिवाय..."

"थांब. सापडला तर सांग. नाही सापडला तर नाही म्हण. तुझ्या गोष्टीतला उंट मला नको."

टूनगॅबीहून तिचा फोन यायचा. सपातांची फटफट, फटफट, मग, "काय?" मी म्हणायचो, "नाही, मावशी." फटफट आणखी जोरात. गौरी मला वेगळा फोन करून सांगायची, आई रात्री झोपत नाही, दिवसा घरभर चालते, डॉक्टर म्हणतात पडेल, बसवत जा. बसवणार कोण?

एका रविवारी मुग्धा चकल्या करत होती. दिवाळी आलीच होती. ती म्हणाली, "सांगून टाक ना रे सापडला म्हणून. इतकी वर्षं फुकट थापा मारल्यास, एक कामाची मार. तिचा जीव थंड होईल."

खरं सांगतो, माझ्या तोंडाला पाणी सुटलं. गोष्ट मनात तयारच होती. मी ओट्याला टेकून सुरू केली. "मावशी, सापडला! मी एकटाच निघालो होतो. ऊन असं, की बुटांचे तळवे वितळून मागे रेघ उमटत होती. चालता चालता मला वाळूत एक ठसा दिसला. दुसऱ्या कुणाला दिसला नसता. मी वाकून..."

मुग्धाने चकलीचा सोऱ्या माझ्याकडे रोखला. "बास. पकडेल ती."

"का? चांगली आहे की."

"तुझ्या सगळ्या गोष्टींत तूच पुढे असतोस. दुसऱ्याला दिसत नाही ते तुला दिसतं. ड्रम तू थांबवतोस, ठसा तू शोधतोस. तिला पहिल्याच वाक्यात कळेल. आणि एकदा कळलं, की खरंच सापडला तरी ती मानणार नाही."

चकलीला काटे येत होते, ते मी बघत राहिलो. हे आधी कुणी सांगितलं नव्हतं मला.

पुढच्याच शनिवारी रॉन त्याच्या हद्दीच्या टोकाला कुंपण बघायला चालला होता. म्हणाला, चल मेट, सोबत. तिकडे आम्ही कधी गेलोच नव्हतो. तिथे रॉनच्या आजोबांनी खणलेलं एक मातीचं तळं होतं, पण ते तो लहान असल्यापासून कोरडं, म्हणून शोधायच्या यादीतच नव्हतं. पोहोचेपर्यंत उन्हाने माझं डोकं दुखायला लागलं होतं. रॉन आणि त्याची कुत्री टिली कुंपणाच्या कडेने गेले. मी यूटमध्ये एसी लावून बसलो आणि चकल्यांचा डबा उघडला.

टिली भुंकायला लागली ती थांबेना.

मावशीला मी तिथूनच फोन करणार होतो, पण रेंज नव्हती. गावात शिरल्या शिरल्या रस्त्याच्या कडेला गाडी लावून केला. फटफट, फटफट.

"काय?"

"सापडला, मावशी."

फटफट थांबली नाही. "हेम्या."

"सापडला. हाडं आणि थोडं कातडं राहिलंय. कानातला पिवळा बिल्ला आहे. मी आणलाय."

"बिल्ले इथेही मिळतात." फटफट. "कुठे?"

"रॉनच्या आजोबांचं जुनं तळं आहे ना, कुंपणापाशी. आपण गेलो नाही तिकडे. रॉन म्हणायचा कोरडं आहे."

"पाणी होतं?"

"होतं. हिवाळ्यातल्या पावसाचं साठलं असणार. आम्हाला ठाऊक नव्हतं, त्याला होतं."

"कसं होतं पाणी?"

इथे मी स्वच्छ, निळं, थंडगार, वर कमळं, असं काहीही म्हणू शकलो असतो. "घाण होतं, मावशी. हिरवं. चिखलच जास्त. वास येत होता."

"उंटाला चालतं," ती स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाली. "कुठे पडला होता?"

"काठावर. डोकं पाण्याच्या बाजूला. मान मागे वळलेली नाही, पुढे पसरलेली."

फटफट हळू झाली. पण थांबली नाही. मला कळलं, ती अजून भागाकार करतेय. एका माणसाला तिची काळजी आहे, आणि त्या माणसाला थापा मारता येतात, एवढं तिला संशय घ्यायला पुरेसं होतं.

"कुणी शोधला?" तिने विचारलं.

"टिलीने. रॉनच्या कुत्रीने."

"आणि तू कुठे होतास?"

"यूटमध्ये. एसी लावून."

"काय करत होतास?"

"चकल्या खात होतो."

पलीकडे फटफट बंद झाली. एवढी शांतता मी त्या फोनवर कधी ऐकली नव्हती.

"मिशीला लागलीय का अजून?"

मी आरशात पाहिलं. "हो."

"पूस," मावशी म्हणाली. मग जरा वेळाने, "पाणी घातलंस?"

"घातलं. फुलपात्रातून. कॅनमधलं, चांगलं. हाडांना घालायचं की नाही कळेना, पण घातलं. रॉनने हॅट काढली."

मग फरशीवरून काहीतरी ओढल्याचा आवाज आला, लाकडाचा, आणि एक लांब श्वास. मागून गौरीचा आवाज ऐकू आला, घाबरलेला, स्वयंपाकघरातून धावत येणारा.

"आई? आई, काय झालं? तू बसलीस का अशी? बरं वाटत नाहीये का?"

"वाटतंय गं," मावशी म्हणाली. "म्हणून बसले."